डोहाकाठची पंगत

मासळीचा वास मला सहन होत नाही. कोणाला खायचीच असेल तर मागच्या पडवीत शिजवा, आणि भांडी राखेनं घासल्याशिवाय आत आणू नका, असं मी दोन्ही सुनांना बजावून ठेवलं आहे. त्या तोंडावर हो म्हणतात आणि माझी पाठ वळली की हसतात. हसणारच. भोयाच्या पोटी जन्मलेली, डोंग्यात रांगायला शिकलेली बाई मासळीला नाक मुरडते म्हणजे हसण्यासारखंच आहे. धाकटीला वाटतं, हे म्हातारपणाचं सोवळं. तसं नाही. लग्नाआधी मी निखाऱ्यावर भाजलेली वाम बोटं चाटून खात असे. ती चव एका हिवाळ्यात माझ्या तोंडातून उतरली ती पुन्हा आलीच नाही. लग्नानंतर नवऱ्यानं पुढ्यात पाटी ठेवून मला अक्षरं शिकवली, त्यांचा एवढा तरी उपयोग करावा म्हणून तो हिवाळा लिहून ठेवते. वाचताना कोणाला किळस आली तर माझा इलाज नाही. मला अजून येते.

भातकुलीकडून येणारी पेढी नदी जिथे पूर्णेला मिळते, तिथून थोडं खाली, काठाच्या चढावर आमची भोयांची घरं होती. कापसाच्या पऱ्हाटीच्या कुडाच्या भिंती, वर गवत, अंगणात बांबूवर वाळत घातलेली जाळी. सकाळी भाकर आणि जवसाची चटणी, संध्याकाळी भाकर आणि मासळी. मासळीला चिंच, लाल तिखट आणि भाजून वाटलेला जवस, बाकी काही नाही. आमच्या भागात विहिरीचं पाणी इतकं खारट, की गुळण्या करायलाही नको वाटावं. म्हणून प्यायला, शिजवायला, सगळ्याला नदीच. तेव्हा कापसाचा भाव आभाळाला टेकला होता. समुद्रापलीकडे कुठेतरी लढाई लागली आहे, म्हणून आमच्या कापसावर उड्या पडतात, असं बा सांगायचा. लढाई कोणाची हे त्यालाही माहीत नव्हतं. आमच्या घरांखालीच नदी ओलांडायचा उतार होता, आणि दिवाळीनंतर तिथून गाड्यांची रांग हटत नसे. कोणी अमरावतीला, कोणी अकोल्याला. आख करकरत, गाडीवान एकमेकांच्या आयांचा उद्धार करत, बैल उतारात शेण टाकत. ज्यांच्या अंगाला कालपर्यंत धड कपडा नव्हता ते रेशमी मुंडाशी बांधून गाडीवर लोळत होते, आणि उतरले की आमच्या पाणवठ्याच्या वरच्या अंगालाच बसत होते. कापूस तर विचारू नका. बाभळीच्या काट्यांना कापूस, पाण्यावर कापूस, जाळ्याच्या गाठींत कापूस, कालवणात कापूस. घास चावताना मध्येच तो बोळा जिभेला लागला की अंगावर काटा यायचा. लोक म्हणतात, तो वऱ्हाडचा सोन्याचा काळ. असेल. मला त्याची घाणच आठवते.

मी रांगत होते तेव्हाच आई गेली. मला वाढवलं तुळसाआत्यानं. ती बाची थोरली बहीण, लवकर विधवा झाली आणि आमच्याकडे आली. अंगानं काटकुळी, बोलायला फटकळ. कापसाला भाव आला तशी गावच्या बायकांबरोबर ती एका हंगामात अमरावतीला कापूस निवडायला गेली. तिथे तिला ताप भरला. गावच्या बायका आपापल्या कामाला जायच्या. शेजारच्या खोपटातली एक परजातीची बाई होती, तिनं आपल्या गाडग्यातली ज्वारीची पेज आत्याला पाजली. आत्या जगली आणि घरी आली, पण तिच्या आधी ती पेज गावात पोचली होती. पंच बसले. पंचांचा म्होरक्या सखारामबुढा. पांढऱ्या मिशा, पोट सुटलेलं, बोलताना डोळे मिटायची खोड. त्यानं डोळे मिटून सांगितलं, तुळसा जातीबाहेर. झालं. बाभळीपलीकडे तिला वेगळं खोपट, वेगळा माठ. लग्नकार्यात तिच्या पत्रावळीवर वरून अन्न टाकायचे, कुत्र्याला टाकतात तसं. मी चोरून तिच्याकडे जेवायची. बाला कळायचं, पण तो दुसरीकडे बघायचा. भांडणं त्याला झेपत नसत.

एक मात्र होतं. आत्याच्या हातानं नदी बाटत नाही, हे पंचांनी न बोलता मान्य केलं होतं. कारण हिवाळ्यात मासा कुठे बसतो हे तिला दिसायचं आणि ते तिनं मला शिकवलं होतं. आम्ही दोघींनी दाखवलेल्या जागांवर सगळ्या घरांची चूल पेटत होती.

त्या वर्षी माझं लग्न ठरलं. आमच्यात पोरीला जिनं वाढवलं तिच्या हातची हळद पहिली लागते. मग बाकीच्या बायका. जातीबाहेरच्या हाताची हळद चालणार नव्हती. दोन वर्षं पंचांच्या दारात न गेलेली आत्या माझ्यासाठी गेली. अंगणाबाहेर उभी राहिली आणि म्हणाली, "दादा, माह्या हातानं पोरीले हळद लागली पायजे. काय दंड असन तो सांगा."

सखारामबुढ्यानं डोळे मिटले. "रिवाज आहे तोच. आपल्या डोहातली मासोळी, आपल्या डोहाच्या काठी, सगळ्या जातीले जेवन. मंग मी माह्या ताटातला घास तुले देईन. घास खाल्ला का तू जातीत."

म्हणजे आम्हाला डोह शोधायचा होता, आणि तोही साधासुधा नाही. सगळी जात जेवेल एवढी मासळी ज्यात आहे असा.

हिवाळ्यात पूर्णा आटत जाते. धार बारीक होते, मध्येच वाळू उघडी पडते, आणि मासा खोल पाण्यात गोळा होतो. पण प्रत्येक खोल पाण्यात तो नसतो. आम्ही दिवस उगवताना डोंगा सोडायचो. आत्या पुढे बसायची, मी मागे बांबू घेऊन. बांबू डोंग्याला आपटला तर ती मागे न बघता म्हणायची, "वाजव, ढोल आन अजून." थंडीत पाण्यावर वाफ दिसते. जिथे ती दाट आणि उशिरापर्यंत टिकते, तिथे खाली पाणी खोल आणि ऊबदार. तिथे थांबायचं, हात कोपरापर्यंत पाण्यात घालायचा. वरचं पाणी गार आणि बोटांना लागणारं कोमट असेल तर बरं लक्षण. मग बांबू तळाला टेकवायचा. वाळूत तो खरखरतो, दगडावर टणकतो, आणि मऊ गाळात आवाज न करता शिरतो. मरळ गाळाच्या कडेला बसते. मग काठ बघायचा. उंबराची किंवा करंजाची मुळं पाण्यात उतरलेली असतील आणि काठ खालून पोखरलेला असेल, तर मासा दिवसभर त्याखाली असतो. ऊन चढलं की उगवतीचं ऊन ज्या अंगाला पडतं तिथे वर येतो. डोंगा पोचत नसे तिथे काठानं चालत जायचो, सावली पाण्यावर पडू न देता. खंड्या एकाच फांदीवर पुन्हा पुन्हा येऊन बसतो का, तेही आत्या बघायची. "त्याले आपल्यापेक्षा जास्त भूक आहे, तो उगाच बसत नाई," म्हणायची. आमच्या पायांना भेगा पडल्या, हात सुजले. कितीतरी डोह पाहिले आणि सोडले. शेवटी एका वळणापलीकडे, वाकलेल्या उंबराखाली, ऊन वर आलं तरी वाफ हटत नव्हती. बांबू पूर्ण गेला आणि तळ लागला नाही. आत्यानं हात पाण्यात घातला आणि तसाच ठेवून बसली. मग म्हणाली, "राधी, तुही हळद इथं आहे."

आम्ही तिथे काठी रोवली. आमच्यात हा फार जुना रिवाज होता. ज्यानं डोह शोधला त्यानं काठावर बांबू रोवायचा आणि टोकाला आपल्या घरच्या लुगड्याची चिंधी बांधायची. चिंधी दिसली की दुसरा भोई त्या डोहात गळसुद्धा टाकत नसे. संक्रांत होईपर्यंत ज्याचा त्यानंही टाकायचा नाही, मासा भरू द्यायचा. राखण नाही, कुंपण नाही. नदीच्या काठानं चाललं की कोणाची चिंधी कुठे आहे हे दिसायचं आणि माणूस पुढे जायचा. या रिवाजाचा आम्हाला फार अभिमान. सखारामबुढ्याला तर इतका, की उतारावर तळ टाकून बसलेल्या गाड्यांच्या ठेकेदारानं "ये झंडे काहेके हैं" असं विचारलं तेव्हा त्यानं मिशीला पीळ देऊन सांगितलं, "जिथं चिंधी तिथं मासा, शेठ. पन आमच्यातला कोनी हात नाई लावत." हे त्यानंच नंतर चारचौघांत सांगितलं, ठेकेदार कसा चकित झाला हे दाखवायला. सगळे माना डोलावत होते. मी पण डोलावली. आपण सगळ्या मुलखाला बोट दाखवून सांगतो आहोत की आमची मासळी इथे आहे, हे एवढ्या भोयांत एकाच्याही डोक्यात आलं नाही.

संक्रांत झाली. जेवणाचा दिवस ठरला. आत्यानं जवस भाजून ठेवला, चिंच कोळून ठेवली. आदल्या आठवड्यात एका सकाळी आम्ही डोह बघायला गेलो. वळणाच्या अलीकडेच वास आला, कडू आणि उग्र. मग पाणी दिसलं. आधी मला वाटलं गाडी उलटून कापूस सांडला आहे. जवळ गेलो तर ती पोटं होती. डोहभर मासे उताणे पडले होते, मोठे, लहान, बोटाएवढे, नखाएवढे. पाण्यावर, मासा मारणाऱ्या हिंगणाच्या कुटलेल्या फळांचा फेस साचला होता. ठेकेदाराला कसलासा मोठा सौदा झाला म्हणून जेवण घालायचं होतं, आणि जाळी टाकत बसायला त्याच्या माणसांना वेळ नव्हता. त्यांनी रात्रीतून पोतीच्या पोती हिंगण डोहात ओतला होता. काही मासे अजून जिवंत होते. तोंड उघडत होते, मिटत होते.

आणि गुडघाभर पाण्यात उभे राहून टोपल्या भरत होते ते आमचेच लोक. सखारामबुढा धोतर खोचून मध्ये उभा. बाकीच्या चार पंचांपैकी एकही कमी नव्हता. मोठा मासा टोपलीत, लहान मासा फेकला काठावर. आमची चिंधी त्यांच्या डोक्यावर हलत होती.

"दादा," आत्या डोंग्यातून म्हणाली, "काठी दिसली नाई का?"

"काठी आहे ना जागेवर," सखारामबुढा म्हणाला. "हिंगण ठेकेदारानं टाकला. आमी नाई टाकला. मेलेला मासा उचलाले काय दोष आहे? मजुरी देऊन राहिला तो. सडू देऊ का?"

"जित्या मासोळीले कोनी हात लावत नाई म्हनता, मंग मेलेलीले कसा लागला?"

त्यानं डोळे मिटून घेतले. आम्ही डोंगा तिथून काढला नाही. मी आत्याला म्हटलं, चल. ती म्हणाली, पाहू दे. दुपारी तिथेच काठावर कढया चढल्या, आणि ठेकेदारानं आमच्या लोकांनाही बसवलं. कढईवर कोण होतं, कोणत्या जातीचं होतं, कोणाच्या भांड्यातलं पाणी होतं, कोणी विचारलं नाही. सखारामबुढा दुसऱ्यांदा वाढून घेत होता. ओठाला तेल, मिशीत काटा. आत्याला एका गाडग्याच्या पेजेसाठी बाभळीपलीकडे बसवणारा हा माणूस तिच्या डोहातले मासे परक्याच्या कढईतून ओरपत होता. मी डोंग्याच्या कडेवर वाकून ओकले. आत्यानं माझी पाठ चोळली आणि तिची नजर त्या पंगतीवरून हलली नाही.

मागे राहिलेली मासळी दोन दिवसांत फुगली. पाणी साचलेलं, धार नाही. कावळे, डुकरं, वर हिरव्या माश्यांचा थर. खालच्या घरांना पाणी आणायला वरच्या अंगाला कोसभर जावं लागत होतं. पंच आत्याच्या खोपटाबाहेर येऊन उभे राहिले. सखारामबुढा म्हणाला, "तुळसा, झालं ते वाईट झालं. तुले सूट देतो. मासोळी कुठलीबी आन. पन जेवन ठरल्या दिवशी पायजे, नाई त पोरीची हळद निघून जाईन."

"आन् जागा?" आत्यानं विचारलं.

"जागा रिवाजाचीच."

"पाहा हं दादा. माह्या डोहाच्या काठी."

"रिवाज म्हंजे रिवाज," तो डोळे मिटून म्हणाला. आत्या हसली नाही. मी मात्र तिच्याकडे बघितलं.

राहिलेल्या दिवसांत आम्ही पेढीच्या तोंडाशी दुसरी जागा शोधली. लव्हाळ्याआड, डोंगा आत जाणार नाही अशी, म्हणून गळ्याएवढ्या पाण्यातून चालत गेलो. हात घातला, कोमट लागलं. या वेळी काठी रोवली नाही. आत्यानं चिंधी कमरेला खोचून ठेवली. मी तिला पहिल्यांदाच मागे वळून कोणी येतं का हे बघताना पाहिलं, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जेवणाच्या दिवशी उंबराखाली सारवून पंगत मांडली. वाम, मरळ, झिंगे, सगळं ताजं. आत्याच्या हाताची चव सगळ्यांना ठाऊक होती. पण पुढे पाच हातांवर डोह होता. त्याच्यावर पांढरी साय धरली होती, आणि ती मधूनमधून बुडबुडत होती. वास असा, की तो नाकात नाही, जिभेवर बसायचा. माश्या डोहावरून उठून पत्रावळीवर आणि पत्रावळीवरून डोहावर जात होत्या. बायकांनी पदर तोंडाला लावले. एक पोर रडायला लागलं. मला वाटलं, आता हे उठतील. आत्याच्याही मनात तेच होतं, तिनं मला नंतर सांगितलं. निदान एक जण उठेल, म्हणेल की तुळसा, आमची चूक झाली, चल घरी.

कोणी उठलं नाही. ते जेवले. एका हातानं नाक धरून दुसऱ्या हातानं जेवले, मग नाक सोडून दोन्ही हातांनी काटे काढायला लागले. कोणी रस्सा मागितला. कोणी म्हणालं, जवस छान भाजला. काठावर सडलेल्या नखाएवढ्या माशांवर पाय देऊन लोक हात धुवायला गेले आणि त्याच पाण्यात हात धुतले. बा खाली मान घालून बसला होता, पण त्याचीही पत्रावळ रिकामी होती. आज इतक्या वर्षांनी कालवणाचा वास आला की मला तो वास येत नाही, त्याच्या पाठोपाठचा डोहाचा येतो. सुनांना हे कसं सांगणार.

सखारामबुढ्यानं ढेकर दिली. आपल्या पत्रावळीतला घास उचलला आणि हात पुढे केला. "घे तुळसा. आजपासून तू जातीत."

आत्या त्याच्यासमोर उभी होती. घासाकडे तिनं नीट बघितलं. एवढा एक घास, आणि माझी हळद.

"मले नाई जमत," ती म्हणाली.

"काहून?"

"वास येऊन राहिला दादा. डोहाचा नाई. तुमच्या हाताचा."

सखारामबुढ्यानं या वेळी डोळे मिटले नाहीत. आत्यानं कमरेची चिंधी काढली, तिला आपले हात पुसले आणि बाभळीकडे चालू लागली. बायकांनी मला हाताला धरून ठेवलं, नवरी आहेस, बाटशील म्हणून. मी हात झटकला आणि तिच्यामागे गेले. वाटेत मी तिच्यावर ओरडले. म्हटलं, एक घास खाल्ला असता तर काय बिघडलं असतं, माझ्यासाठी तरी. ती म्हणाली, "तुह्याचसाठी नाई खाल्ला. तो घास घेतल्या हातानं तुले हळद काय लावू?"

लग्न ठरल्या वेळी झालं. सासरच्यांनी एकच विचारलं, ती बाई अजून बाहेरच आहे ना? बा म्हणाला, हो. त्यांचं समाधान झालं. हळदीच्या सकाळी सगळी घरं उठायच्या आत आत्या डोंगा घेऊन पेढीच्या तोंडाशी थांबली होती. मी पाणी आणायला म्हणून घागर घेऊन गेले. लव्हाळ्यावर वाफ होती. तिनं वाटी काढली, आणि कोमट पाण्यात भिजवलेली हळद माझ्या पायांना, हातांना, गालांना लावली. मी थरथरत होते म्हणून तिनं मला स्वतःचं घोंगडं पांघरलं.

पुढे मांडवात बायकांनी मला पाटावर बसवलं. पोरीचा रंग आजच किती उजळ दिसतो, असं कोणीतरी म्हणालं. मग सखारामबुढ्याच्या बायकोनं मानाची पहिली हळद म्हणून माझ्या गालाला बोटं लावली, आणि ती आत्याच्या हळदीवर लागली.